सर्पगंधेची साक्ष

(उच्च रक्तदाब आणि वनौषधी या विषयावर खुलताबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



खुलताबादेत उभे राहून वनौषधींविषयी बोलायचे, तर भद्रा मारुतीचे स्मरण करूनच प्रारंभ करायला हवा. येथील मारुतीराय शयनावस्थेत आहेत. अशा मूर्ती देशात मोजक्याच आहेत. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगराहून हजारो माणसे रात्रभर पायी चालत या दर्शनाला येतात. त्यांत आजोबा असतात आणि नातूही असतो.

मारुतीराय आणि वनौषधी यांचे नाते आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. त्या कथेतला एक तपशील मात्र आपण घाईने ओलांडून जातो. लक्ष्मण मूर्च्छित पडला असता वनस्पती कोणती आणायची, हे सुषेण वैद्याने सांगितले. मारुती पर्वतावर पोहोचला, पण त्याला ती ओळखता येईना. तेव्हा हाताला लागेल ती मुळी उपटून ‘हीच संजीवनी’ असे त्याने म्हटले नाही. त्याने शिखरच उचलून आणले आणि निवड वैद्यावर सोपवली. बळ, भक्ती, बुद्धी या तिन्ही बाबतींत ज्याची बरोबरी नाही, त्यानेही वनस्पती ओळखण्याचा अधिकार जाणकाराकडेच ठेवला. आजच्या माझ्या विषयाचे सूत्र याच तपशिलात आहे.

मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर पत्रकारिता केलेला माणूस आहे. म्हणून कोणत्याही व्याधीवर उपचार सांगण्याचे धाडस मी करणार नाही. एका भारतीय मुळीची हकीकत सांगणार आहे आणि तिच्यातून आपण काय शिकावे, ते आपल्यापुढे ठेवणार आहे.

घरोघरचा पाहुणा

प्रथम व्याधीची व्याप्ती लक्षात घेऊ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशातील ३५.५ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे ३१ कोटी ५० लाख माणसांना उच्च रक्तदाब आहे. दर तीन प्रौढांमागे एक! या सभागृहात बसलेल्यांनी आपल्या उजवी-डावीकडे पाहिले, तरी हिशेब ध्यानात येईल.

या व्याधीचा स्वभाव कपटी आहे. ती दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. बहुतेकांना तिची चाहूलच लागत नाही. वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांवर अधिकचा दाब पडत राहतो आणि एके दिवशी पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार दारात उभा राहतो. दुखत नसल्यामुळेच माणूस गोळीला कंटाळतो. ‘मला काही होत नाही, मग जन्मभर गोळी कशाला?’ असा प्रश्न त्याला पडतो. अशा वेळी कोणीतरी येऊन सांगतो, की अमुक पानांचा रस घ्या, तमुक चूर्ण घ्या, चाळीस दिवसांत गोळी सुटेल. गोळी खरोखरच सुटते. रक्तदाब मात्र तसाच राहतो, आणि तो कोणी मोजत नाही. पुढे काय होते, हे सांगण्याची गरज नाही. आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात किंवा आळीत असा एखादा कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला आहे.

मग वनस्पतींनी रक्तदाब कमी होतो, हे खोटे आहे काय? मुळीच नाही. आधुनिक जगाला रक्तदाबावरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक औषध भारतीय वनस्पतीनेच दिले. तिचे नाव सर्पगंधा.

मुळी जुनी, मापक नवे

सर्पगंधा हे हातभर ते कमरेइतके उंच वाढणारे झुडूप आहे. हिमालयाचा पायथा, पूर्वांचल, कोकण आणि सह्याद्रीची दमट वने हे तिचे माहेर. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या डोंगरांत ती सहसा आढळायची नाही. पांढऱ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ आणि पिकल्यावर जांभळट काळी होणारी फळे, हे तिचे रूप. औषध असते ते मुळीत. बिहारकडे लोक तिला ‘पागल की दवा’ म्हणत, कारण उन्माद झालेल्या, झोप उडालेल्या माणसाला शांत करण्यासाठी ती दिली जाई. सर्पदंशावरही ती वापरत. सर्पगंधा हे नाव प्राचीन ग्रंथांत आढळते. मात्र ग्रंथातली ती हीच वनस्पती होय किंवा नाही, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

रक्तदाब मोजण्याचे दंडाला बांधायच्या पट्ट्याचे उपकरण इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली सिद्ध केले. त्याला जोडून कानाने ठोके ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. त्यापूर्वी ‘रक्तदाब इतका आहे’ असे सहज आणि खात्रीने सांगता येणे कोणत्याही वैद्यकाला अवघड होते. मुळी आपल्याकडे शतकानुशतके होती. ती रक्तदाबावर चालते, हे कळण्यासाठी मुळी आणि मापक एका खोलीत यावे लागले.

तो योग कलकत्त्यात जुळून आला. महामहोपाध्याय कविराज गणनाथ सेन हे संस्कृत आणि आयुर्वेदाचे पंडित होते, आणि आधुनिक वैद्यकाचेही पदवीधर होते. त्यांनी आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेची मुळी उपयोगी पडते, असे त्यांनी त्यात मांडले. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून काही शुद्ध घटक वेगळे काढले. हे महाविद्यालय उभारणाऱ्या हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतल्या एकाचे नाव ‘अजमलीन’ ठेवण्यात आले. हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ दोष शोधून काढण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ आजही अजमलीन वापरतात. पुढे १९३३पासून कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत सर रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मुळीच्या अर्काने रक्तदाब उतरतो, हे दाखवले. हिमालया ड्रग कंपनीने १९३४ साली ‘सर्पिना’ या नावाने मुळीच्या गोळ्या बाजारात आणल्या.

हे सारे घडत असताना उर्वरित जगाची स्थिती काय होती? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने झाले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला रक्तदाब ३०० आणि १९० असा होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापाशी या व्याधीवर धड औषध नव्हते! ते कलकत्त्यात आणि मुंबईत होते. परंतु ते जगाला पटेल अशा रीतीने अद्याप कोणी सिद्ध केलेले नव्हते.

मुंबईचे डॉ. वकील

ते काम आपल्या महाराष्ट्रात झाले. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईच्या पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे काम पाहू लागले. सर्पगंधा रक्तदाबावर चालते, अशी चर्चा त्यांच्या कानावर होतीच. चर्चेवर विश्वास ठेवणे सोपे होते, आणि तिची टिंगल करणे तर त्या काळच्या इंग्रजी वैद्यकात अधिकच सोपे होते. डॉ. वकील यांनी दोन्ही टाळले. त्यांनी रुग्णांना औषध दिले, पूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब नोंदवला, कोणाला लागू पडले आणि कोणाला नाही हे लिहिले, आणि त्रास काय झाला तेही लिहिले. असे वर्षानुवर्षे केल्यावर ५० रुग्णांचा वृत्तान्त त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या लंडनच्या नियतकालिकात १९४९ साली प्रसिद्ध केला.

त्या एका लेखाने जगाचे दार उघडले. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी मिळवून आपल्या रुग्णांवर तपासली आणि तेथेही अनुभव तसाच आला. स्वित्झर्लंडच्या बासल शहरातील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतला मुख्य गुणकारी घटक वेगळा केला. तो म्हणजे रेसरपीन. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

रेसरपीन काम कसे करते, हेही थोडक्यात पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी एका उत्तेजक द्रव्याच्या लहान लहान कुप्या भरलेल्या असतात. त्या फुटल्या की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेगाने धडधडते आणि दाब चढतो. रेसरपीन त्या कुप्या पुन्हा भरू देत नाही. साठा आटत जातो, रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदय शांत होते. म्हणूनच या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दिवसाची मात्रा एक मिलिग्रॅमच्या चौथ्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. चिमटीतही पकडता येणार नाही, एवढी!

या कथेचा कळस अमेरिकेत १९६७ साली झाला. रक्तदाब उतरवल्याने माणूस खरोखर वाचतो काय, याविषयी त्या काळी मोठमोठे डॉक्टरही साशंक होते. डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी तीव्र रक्तदाबाचे १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना तीन औषधे दिली आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निव्वळ दिखाऊ गोळ्या. दीड वर्षाच्या आसपास झाल्यावर ताळा मांडला. दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर संकट ओढवले होते. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांवर. रक्तदाबाच्या उपचाराने जीव वाचतो, हे त्या दिवशी निर्विवाद सिद्ध झाले. त्या तीन औषधांपैकी एक रेसरपीन होते. आपल्या वनातली मुळी त्या साक्षीला उभी होती.

दुसरी बाजूही आपलीच

मित्रहो, येथेच थांबलो असतो, तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण अर्धी हकीकत सांगणे हे पत्रकाराचे काम नव्हे. रेसरपीनचे दोष त्याच काटेकोर नोंदींमधून पुढे आले. नाक चोंदणे, हृदयाची गती मंदावणे, पोटातील आम्ल वाढून व्रण होणे असे त्रास दिसले. मोठ्या मात्रेत तर कित्येकांना खोल उदासीनता आली. पुढे अधिक सोसवणारी औषधे निघाली आणि रेसरपीन मागे पडले. चीनमध्ये ते घातलेली स्वस्त संयुक्त गोळी मात्र दीर्घकाळ वापरात राहिली.

यात सर्पगंधेचा अपमान नाही. जे औषध परिणाम करते, ते दुष्परिणामही करू शकते. ‘वनस्पतीच ती, लाभ झाला तर होईल, हानी तर नाही ना!’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. जी वनस्पती रक्तदाब खाली आणू शकते, तिच्यात शरीरावर हुकूमत गाजवण्याची शक्ती आहे. आणि शक्ती म्हटली, की मात्रा आली, पथ्य आले, विवेक आला. आपल्या वैद्यांनी बचनाग, कुचला, बिब्बा ही द्रव्ये शुद्धी केल्याविना कधी वापरली नाहीत, याचे कारण हेच.

उलट उदाहरण घ्या. घसा बसला की आपण ज्येष्ठमधाची काडी चघळतो. कीर्तनकार आणि गायक तर ती जवळच बाळगतात. चार-दोन दिवस ठीक. पण ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्ला, तर तो शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम कमी करतो आणि रक्तदाब चढवतो. ज्याला हा विकार आहे, त्याने ज्येष्ठमधयुक्त काढा महिनोन्‌महिने घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे. सैंधवाचीही तीच गोष्ट. ते उपवासाला चालते, म्हणून रक्तदाबालाही चालेल, असा समज आहे. सैंधव हेही बहुतांशी मीठच.

दुसऱ्या बाजूला काही आशादायक गोष्टीही आहेत. लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत आपल्याकडे कोठे कोठे होते. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात डॉ. डायेन मॅके यांनी याच बोंडांच्या काढ्याची चाचणी घेतली आणि ती २०१० साली प्रसिद्ध झाली. सौम्य वाढीव रक्तदाब असलेल्या आणि गोळ्या न घेणाऱ्या ६५ जणांपैकी निम्म्यांना सहा आठवडे रोज तीन पेले हा काढा दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला. दिखाऊ पेय घेणाऱ्यांचा १.३ अंकांनी. लसणाच्या अर्कानेही काही चाचण्यांत रक्तदाब थोडा उतरल्याचे दिसले आहे. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. हे लाभ सौम्य आहेत. ज्याचा रक्तदाब १८० आहे, त्याने सात अंकांच्या भरवशावर गोळी सोडणे हा आत्मघात होय.

चार प्रश्न

मग सामान्य माणसाने पारख कशी करावी? डॉ. वकील यांनी सर्पगंधेला विचारले, तेच चार प्रश्न आपण प्रत्येक काढ्याला, चूर्णाला आणि अर्काला विचारावेत.

पहिला प्रश्न : वनस्पती नेमकी कोणती आणि तिचा भाग कोणता? खऱ्या सर्पगंधेच्या मुळीत तिच्याच कुळातल्या, बागेत आणि पडीक रानात सहज उगवणाऱ्या भगिनीची मुळी मिसळली जाते. वाळलेल्या स्थितीत दोन्ही सारख्याच दिसतात. गुण मात्र सारखे नाहीत. ‘गुप्त नुस्खा’ म्हणणाऱ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते.

दुसरा : मात्रा किती? ‘मूठभर पाने’ हे माप नव्हे.

तिसरा : किती जणांचा रक्तदाब, आधी आणि नंतर, यंत्राने मोजला? ‘आमच्या ओळखीच्या एकांना गुण आला’ हे उत्तर पुरेसे नाही.

चौथा : त्रास कोणाला आणि काय झाला? ‘कोणालाही काहीही नाही’ असे उत्तर आले, तर त्याने पाहिलेच नाही, असे खुशाल समजावे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या विकारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्या यादीत रक्तदाबाचा स्पष्ट उल्लेख आहे. बसस्थानकाच्या भिंतीवर ‘बीपी मुळापासून नष्ट’ असे दिसले, तर ते कायद्याचे उल्लंघन आहे, हे ध्यानात ठेवावे.

यात आयुर्वेदाचा अवमान आहे, असे कोणी समजू नये. आयुर्वेदाची खरी हानी त्याच्या नावाने भेसळ विकणारे करतात. शिकलेला वैद्य नाडी पाहतो, प्रकृती पाहतो, औषधाचे नाव व मात्रा लिहून देतो आणि पुन्हा बोलावतो. गणनाथ सेन यांनी ग्रंथ सोडला नाही आणि मापक यंत्रही नाकारले नाही. स्वदेशीचा अभिमान कसा असावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

आणखी एक वेदना बोलून दाखवतो. मुळी औषधी असल्यामुळे सर्पगंधा मुळासकट उपटली जाते; झाड उरतच नाही. जगभर मागणी वाढली, तशी ती आपल्या वनांतून ओरबाडली गेली. परिणामी १९९०पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. येथून जवळच म्हैसमाळचा डोंगर आहे. वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी तेथील औषधी वनस्पती पाहायला येतात. सर्पगंधेचे जे झाले, ते म्हैसमाळच्या झुडपांचे होऊ नये. पाहावे, ओळखावे, टिपून ठेवावे, उपटू नये.

करायचे काय?

शेवटी प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत, पाठ टेकून बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. थोड्या अंतराने दोनदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी १४० आणि ९० किंवा त्याहून अधिक आढळले, तर डॉक्टरांकडे जावे. गोळी सुरू असेल, तर स्वतःच्या मनाने थांबवू नये. कोणताही काढा किंवा चूर्ण घेत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गोळी चालू असल्याचे वैद्यांपासूनही लपवू नये. दोघांनाही अर्धीच माहिती दिली, तर दोघेही हतबल होतात.

मातृशक्तीला विशेष विनंती. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ सांगते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, ठेचा यांतून आपण त्याच्या दीडपटीहून अधिक खातो. ताटातले वरचे मीठ बंद करणे हा फुकटचा उपचार आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. तंबाखू आणि दारू सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे, रोज अर्धा तास चालणे हे त्याचेच सोबती.

आणि तरुण कार्यकर्त्यांना एक काम. भद्रा मारुतीच्या वाटेवर आपण पायी येणाऱ्यांसाठी पाणी, चहा, फराळ ठेवतो. त्याच मांडवात पुढच्या वर्षी एक टेबल, दोन खुर्च्या आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा. शेजारी एक प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर बसू द्या. वाटसरूला पाच मिनिटे विसावा द्या, मग मोजा. आकडा एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती द्या. ज्याचा आकडा जास्त आहे, त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता सांगा. तेथे तपासणी होते आणि गोळ्याही मिळतात. महिन्याभराने त्याच्या घरी जाऊन पुन्हा विचारपूस करा. शंभर माणसे तपासलीत, तर त्यांतल्या कितीतरी जणांना आपल्याला हा विकार आहे हे प्रथमच कळेल. त्यांच्यापैकी एखाद्याचाही पक्षाघात टळला, तरी एक घर उभे राहील.